मागावं लागू नये म्हणून

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वसतिगृहांत आणि बहुतेक विभागांच्या स्वच्छतागृहांत आता सॅनिटरी पॅड ठेवलेले असतात. पैसे लागत नाहीत, वहीत नाव लिहावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. ही व्यवस्था उभी राहायला बराच काळ गेला. आधी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी म्हणून आणि नंतर पीएच.डी. करताना मी त्या कामात होते. दुसऱ्या विद्यापीठांतल्या मुली अधूनमधून विचारतात, तुम्ही हे कसं जमवलंत? दर वेळी फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

माझ्यासाठी याची सुरुवात हजेरीपासून झाली. संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना मी मदतनीस म्हणून बसायचे, हजेरीपट माझ्याकडे असायचा. काही मुली महिन्यातून दोन-तीन दिवस गायब असायच्या आणि परत आल्यावर 'बरं नव्हतं' एवढंच सांगायच्या. त्यांतली एक हजेरी भरून निघेल का हे विचारायला आली, आणि थोडं बोलणं झाल्यावर म्हणाली, "ताई, पॅड संपले होते. शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही." खोलीवर निदान कापड घेऊन पडून राहता येतं, वर्गात चार तास कसे काढणार, असा तिचा साधा हिशोब होता. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण ती खाली बघून बोलत होती.

विद्यापीठापर्यंत पोचलेल्या मुलीला ही अडचण नसणार, असं पुष्कळांना वाटतं. शाळकरी मुलींसाठी योजना असतात, त्यांच्याबद्दल लिहून येतं. पण अठरा-वीस वर्षांची मुलगी घर सोडून शिकायला येते तेव्हा तिचा खर्च पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हातात येतो. शुल्क, खोली, जेवण, पुस्तकं, प्रवास हे सगळं शिष्यवृत्तीच्या हिशोबात धरलेलं असतं. पॅड कुठल्याच रकान्यात नसतात. पैसे उशिरा आले की जे दिसत नाही आणि ज्याबद्दल बोलता येत नाही, त्यालाच आधी कात्री लागते. काही मुलींकडे पैसे असतात, पण प्रत्येक खर्चाचा हिशोब वडिलांना किंवा भावाला द्यावा लागतो. अशा वेळी पैसे असूनही नसल्यासारखेच.

मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी ठरवलं की प्रशासनाकडे जाण्याआधी आपल्याला नेमकं काय चाललंय ते कळायला हवं. म्हणून निनावी प्रश्नावली काढली. तिच्या शब्दांवर आम्ही पुष्कळ वेळ घालवला आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यामुळेच सोपं गेलं. 'तुम्हाला पॅड परवडतात का?' हा प्रश्न आम्ही मुद्दाम टाळला. आपल्याला परवडत नाही हे निनावी कागदावरसुद्धा कुणी सहज लिहीत नाही. त्याऐवजी काय घडलं ते विचारलं. गेल्या वर्षात पॅड बदलायची वेळ झालेली असताना जवळ नव्हता म्हणून किंवा पुरवायचा म्हणून तोच ठेवावा लागला का? पॅडच्या ऐवजी दुसरं काही वापरावं लागलं का, आणि काय? पॅड विकत घेण्यासाठी दुसरा कुठला खर्च टाळला का? पाळी होती आणि सोय नव्हती म्हणून तास, प्रात्यक्षिक किंवा परीक्षा चुकली का?

उत्तरं वाचायला आम्ही तिघी एका खोलीत बसलो होतो. पॅडवर टिश्यू पेपरची घडी ठेवून तो दिवसभर चालवणं, रात्रीचा मोठा पॅड सकाळपासूनच लावून संध्याकाळपर्यंत न काढणं, जुना टी-शर्ट फाडून वापरणं, महिन्याच्या शेवटी पाळी येणार असेल तर त्या आठवड्यात एक वेळचं जेवण सोडणं. मांड्यांना चट्टे पडणं, घामाने सोलवटणं याबद्दल तर न विचारताच लिहिलेलं होतं. एकीने लिहिलं होतं की मैत्रिणीकडून इतक्यांदा मागून झालं आहे की आता तिच्या खोलीसमोरून जायलाच नको वाटतं.

प्रश्नावली स्वेच्छेने भरलेली होती, म्हणजे ज्यांना हा त्रास आहे त्यांनीच ती जास्त भरली असण्याची शक्यता होती. मी संख्याशास्त्राची असल्यामुळे हे मला आधीच दिसत होतं. म्हणून आमच्या उत्तरांतून टक्केवारी काढून ती संपूर्ण विद्यापीठाला लावायची नाही, हे पक्कं केलं. प्रशासनाला दिलेल्या टिपणात आम्ही उत्तरं मांडली आणि आकड्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आधार घेतला. अमेरिकेतल्या 471 पदवी विद्यार्थिनींचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 14.2 टक्के मुलींनी गेल्या वर्षभरात कधी ना कधी पाळीचं सामान घेता आलं नाही असं सांगितलं होतं, आणि आणखी 10 टक्क्यांनी ही अडचण दर महिन्याला येते असं सांगितलं होतं. दर महिन्याला अडणाऱ्या मुलींमध्ये नैराश्याची लक्षणंही जास्त आढळली. एकाने दुसरं घडतं असं त्या अभ्यासावरून म्हणता येत नाही, आणि टिपणात आम्ही तसं स्पष्ट लिहिलं. पण एका श्रीमंत देशातल्या पदवी विद्यार्थिनींची ही स्थिती असेल तर आमच्याकडे काही प्रश्न नाही असं म्हणणं अवघड होतं.

टिपण दिल्यावर उत्तर यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहात आम्ही आमच्या आणि काही प्राध्यापिकांच्या वर्गणीतून एक डबा ठेवला. परवानगी ग्रंथपाल मॅडमनी दिली, तीही लगेच.

पहिले काही दिवस डबा भरला की रिकामा व्हायचा. सकाळी भरावा, दुपारपर्यंत तळ दिसावा. 'बघा, घरी घेऊन जातात,' असं लगेच ऐकायला मिळालं. मी हे शांतपणे सांगत राहिले की घरी घेऊन जावेत म्हणूनच ठेवलेत. पाळी काही फक्त ग्रंथालयाच्या वेळेत येत नाही. शनिवार-रविवारीही पॅड लागतात, रात्री तर जास्तच लागतात. आणि पाळी नसताना पॅड घेऊन करणार काय? या मागणीला शरीरानेच मर्यादा घातलेली आहे. झालंही तसंच. डबा उद्याही भरलेला असणार याची खात्री पटल्यावर वापर आपोआप खाली आला आणि एका पातळीला स्थिरावला. आज मिळतंय, उद्या असेल की नाही कोण जाणे, अशी धास्ती असेल तर माणूस जास्त उचलणारच.

त्या काळात आणखी एक गोष्ट पाहिली. विद्यापीठात पूर्वी कुणीतरी देणगी म्हणून दिलेलं नाणं टाकायचं यंत्र एका भिंतीवर लटकलेलं होतं. ते गंजलेलं होतं आणि आत माल नव्हता. यंत्र बसवायला पैसे मिळाले होते, पण ते भरायचं कुणी हे ठरलेलं नव्हतं. शेजारी पॅड जाळायची छोटी भट्टी होती, तीही बंद. बंद होती ते एका अर्थी बरंच, कारण पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं आणि पुरेसं तापमान न गाठणाऱ्या भट्टीत ते जाळलं तर विषारी वायू तयार होतात. वस्तू एकदा बसवून उद्घाटन करणं आणि ती रोज चालू ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला पैसे, माणूस आणि जबाबदारी तिन्ही लागतात.

देणगी द्यायला लोक पुढे आले. त्यांतल्या एका गटाची अट होती की पॅड वाटपाचा कार्यक्रम करायचा, मुलींना मंचावर बोलवायचं आणि फोटो काढायचे. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. आपल्याला गरज आहे हे कळू नये म्हणून जी मुलगी वर्ग बुडवते, तिला पॅडचं पाकीट हातात धरून कॅमेऱ्यापुढे उभं करायचं हे मला सहनच झालं नसतं. 28 मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन 2014 पासून पाळला जातो. त्या दिवशी भाषणं, पोस्टर स्पर्धा व्हाव्यात, माझी हरकत नाही. पण त्या एका दिवसाच्या खर्चात कितीतरी महिन्यांचा माल येतो, हे आयोजकांना मी दर वर्षी लेखी देते.

प्रशासनासमोर बैठक ठरली तेव्हा आम्ही हिशोब करून नेला होता. 28 दिवसांचं चक्र धरलं तर वर्षाला 13 पाळ्या. पाच दिवस रक्तस्राव आणि दिवसाला चार पॅड धरले तर एका पाळीला 20, म्हणजे वर्षाला 260. सगळ्या मुलींनी सगळेच पॅड विद्यापीठाकडून घेतले तरी वरची मर्यादा इथे संपते, आणि ग्रंथालयातला अनुभव सांगत होता की प्रत्यक्षात वापर याच्या पुष्कळ खाली राहतो, कारण ज्यांना परवडतं त्या बहुतेक आपल्या पसंतीचाच पॅड आणतात. हा हिशोब सरासरी शरीराचा आहे, हेही सांगितलं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, 80 च्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव मानला जातो. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असतील तर एखादीला दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो. जिचं रक्त जास्त जातं तिच्या अंगातलं लोह कमी होतं, तीच थकलेली असते आणि पॅडवर सर्वांत जास्त खर्चही तिचाच होतो.

बैठकीत विरोध कुणी केला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. अडचण तिथून पुढे होती. मसुदा फिरून परत आला तेव्हा त्यात तीन गोष्टी घातलेल्या होत्या. पॅड 'फक्त आपत्कालीन वापरासाठी' असावेत, ते कार्यालयातून ओळखपत्र दाखवून मिळावेत आणि घेणारीची नोंद व्हावी. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सार्वजनिक पैशाचा हिशोब द्यावा लागतो, हे मलाही मान्य आहे. पण कार्यालयाच्या टेबलापुढे रांगेत उभं राहून, शिपाई आणि दोन लिपिकांसमोर पॅड मागायचा असेल तर जिला सर्वांत जास्त गरज आहे तीच येणार नाही. मग नोंदवही कोरी राहील आणि वर्षाच्या शेवटी म्हणतील, मागणीच नाही, बंद करा.

या मुद्द्यावर आम्ही अडून बसलो, आणि मला अजूनही वाटतं की बाकी कशातही तडजोड करावी, इथे करू नये. स्वच्छतागृहात टॉयलेट पेपर किंवा हात धुवायचा साबण ठेवतो तेव्हा आपण कुणाची ओळखपत्रं तपासत नाही. हिशोब हवा असेल तर तो मालाचा ठेवा, किती आला आणि किती भरला. माणसांचा ठेवू नका. तेव्हा स्कॉटलंडचं उदाहरण फार उपयोगी पडलं. तिथल्या सरकारने 2018 पासून शाळा, महाविद्यालयं आणि विद्यापीठांत हे सामान मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे तिथल्या संसदेच्या सदस्य मोनिका लेनन यांनी मांडलेलं विधेयक नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या संसदेने एकमताने मंजूर केलं आणि 15 ऑगस्ट 2022 पासून तो कायदा पूर्णपणे लागू झाला. सामान सहज मिळालं पाहिजे, ते मिळवताना माणसाचा मान राहिला पाहिजे आणि प्रकारांत निवड असली पाहिजे, या गोष्टी त्या कायद्यातच आहेत. म्हणजे मान राखणं ही आम्ही हट्टाने घुसडलेली गोष्ट नव्हती. एका देशाने ती कायद्यात लिहिली आहे, एवढं दाखवता आलं.

शेवटी मार्ग काढला तो वित्त विभागातल्या एका सरांनी. आम्ही खर्च 'विद्यार्थी उपक्रम' या शीर्षाखाली मागत होतो. ते म्हणाले, "उपक्रमाचा पैसा वर्षाला संपतो, दर वर्षी नव्याने मागावा लागेल. एखाद्या वर्षी नवीन माणूस आला की तो विचारेल, हा उपक्रम अजून किती वर्षं?" त्यांनी तो खर्च स्वच्छता साहित्याच्या शीर्षाखाली टाकायला सुचवलं. फिनेल, साबण, झाडू, कचऱ्याच्या पिशव्या ज्यातून येतात त्याच खात्यातून पॅड. या खात्याला दर वर्षी नव्याने पटवून द्यावं लागत नाही. इमारती उघड्या आहेत तोवर ते चालतंच. त्यांच्या या एका सूचनेने जे साधलं ते आमच्या सगळ्या भाषणांनी साधलं नव्हतं. कुणी माझ्याकडून एकच सल्ला घेणार असेल तर हाच घ्या. पैसा कुठल्या खात्यातून येणार हे आधी बघा.

खरेदी निविदेने होणार आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळणार, हे कळल्यावर आम्हाला वेगळीच काळजी लागली. खराब पॅड आला तर मुली तो वापरणार नाहीत, किंवा एकाऐवजी दोन लावतील. म्हणून दर उघडण्याआधी नमुन्यांची चाचणी व्हावी अशी अट घालून घेतली. पॅडसाठी भारताचं आयएस 5405 हे मानक आहे. त्यात मिनिटाला 15 मिलिलिटर या गतीने 30 मिलिलिटर द्रव पॅडच्या मधोमध सोडायचा आणि तो खालून किंवा कडेने बाहेर येतो का ते पाहायचं, अशी चाचणी आहे. रसायनशास्त्र विभागातल्या एका मॅडमनी त्यांची प्रयोगशाळा दिली. आम्ही पाण्यात रंग आणि मीठ घातलं. मीठ यासाठी की पॅडच्या गाभ्यात जी पांढरी भुकटी असते, ती सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची, तिला साधं पाणी दिलं तर ती प्रचंड पाणी शोषते आणि कुठलाही पॅड उत्तम वाटतो. पाणी खारट असलं की तिची शोषणशक्ती बरीच घटते, आणि शरीरातला द्रव खारटच असतो.

सिरिंजमधून थेंब थेंब सोडत आणि घड्याळाकडे बघत आम्ही एकेक नमुना तपासला. काही पॅडांच्या वरचा थर इतका गुळगुळीत होता की पाणी आत न जाता कडेला धावायचं. पॅडच्या मागच्या बाजूला लाल ओघळ आणि मधला भाग मात्र कोरडा. कागदावर शोषणक्षमता मोठी लिहिलेली असली तरी वापरणारीच्या कपड्यांवर डाग पडणारच. काहींचा चिकट पट्टा एवढा कमजोर होता की दोनदा हलवल्यावर पॅड गोळा होत होता. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, त्यामुळे या चाचणीलाही मर्यादा आहेत. पण तिच्यामुळे जे मुळातच वाईट होतं ते गळून पडलं. उरलेल्यांतून सर्वांत कमी दराचा पॅड घेतला गेला, तो पंखवाला, सुटा सुटा गुंडाळलेला. त्याच्यासोबत रात्रीचा लांब पॅडही मागवला. तो राहिलाच होता आणि तो नसता तर अतिरक्तस्राव असलेल्या मुलींना बाकीच्या व्यवस्थेचा फार उपयोग झाला नसता.

माल आला. आता तो रोज भरणार कोण? स्वच्छतेचं काम करणाऱ्या मावशींवर ते आपोआप ढकललं जाणार हे दिसत होतं, म्हणून आम्ही आधी त्यांच्याशीच बसून बोललो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. काम वाढलं तर ते कामाच्या यादीत लिहा, नाहीतर उद्या डबा रिकामा दिसला की बोलणी आम्हीच खाणार. आणि दुसरं, पॅड कमी झाले की संशय पहिला आमच्यावर येणार. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पॅड भरणं कंत्राटातल्या कामांच्या यादीत गेलं, मजल्यावरच्या कपाटाची किल्ली मावशींकडे राहिली, आणि परिपत्रकात स्पष्ट लिहून घेतलं की ही सोय विद्यार्थिनींइतकीच कर्मचारी आणि कंत्राटी महिलांसाठीही आहे. एक मावशी तेव्हा म्हणाल्या, "मग आम्हीपण घेतले तर चालतील ना?" वर्षानुवर्षं ही स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या बाईला हे विचारावं लागलं. परिपत्रकातली ती ओळ पुढे कुणी काढायला सांगितली तर कृपा करून काढू नका.

डबे कुठे लावायचे यावरही मावशींचं ऐकलं. बेसिनजवळ लावले तर भरायला सोपं, पण तिथे चार जणी उभ्या असतात. शिवाय संडासात गेल्यावरच पाळी आल्याचं कळलं तर बाहेर कसं यायचं? म्हणून प्रत्येक दाराच्या आत झाकणाचा छोटा डबा आणि बेसिनजवळ मोठा. दमटपणामुळे आतल्या डब्यांत एका वेळी थोडेच पॅड ठेवायचे. प्रत्येक दारामागे झाकणाची कचरापेटी आणि कागदी पिशव्याही आल्या. पेटी नसेल तर पॅड संडासाच्या भांड्यात टाकला जातो, त्यातली ती शोषणारी भुकटी पाण्याने फुगते आणि पाइप तुंबतो. पाणी आणि साबण नसलेली स्वच्छतागृहं आम्हाला या निमित्ताने सापडली. त्यांची दुरुस्ती या कामाचाच भाग समजून करून घेतली, कारण हात धुवायला पाणी नसेल तर पॅड असून काय करणार?

वसतिगृहात सुट्या पॅडऐवजी पूर्ण पाकिटं ठेवली. वॉर्डन मॅडमच्या खोलीबाहेर नव्हे, तर कपडे वाळत घालायच्या खोलीतल्या फडताळात, जिथे कुणीही कधीही जाऊ शकतं.

ट्रान्स मुलांचा, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पण मुलगा म्हणून जगणाऱ्यांचा, प्रश्न एका विद्यार्थ्याने स्वतःहून मांडला. त्याला पाळी येते आणि तो मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या 2021 च्या कायद्यानुसार सहावी ते बारावीच्या सरकारी शाळांना किमान एका पुरुष स्वच्छतागृहातही हे सामान ठेवावं लागतं. त्याचा दाखला दिल्यावर ग्रंथालयातल्या पुरुषांच्या आणि सर्वांसाठीच्या स्वच्छतागृहांत डबे आणि पेट्या लागल्या. यावर चर्चा फार झाली नाही, आणि ते बरंच झालं.

कप (योनीत बसवून रक्त गोळा करणारी, पुन्हा पुन्हा वापरता येणारी छोटी वाटी) आणि कापडी पॅडबद्दल सारखं विचारलं जातं. एक कप नीट वापरला तर दहा वर्षांपर्यंत टिकतो, त्यामुळे 'सगळ्यांना एकेक कप द्या आणि मोकळे व्हा' असं प्रशासनालाही आकर्षक वाटलं होतं. 2019 मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात कपवरच्या 43 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात कप सुरक्षित असल्याचं आणि सवय झाल्यावर सुमारे 70 टक्के बायकांना तो पुढेही वापरायचा असल्याचं दिसलं. मी स्वतः कप वापरते आणि मला तो फार सोयीचा वाटतो. पण तो शिकायला काही पाळ्या जातात, दोन पाळ्यांच्या मध्ये तो उकळावा लागतो, तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं लागतं, आणि शरीरात काही घालायचंच नाही असं वाटणाऱ्या मुलीचंही ऐकलं पाहिजे. कापडी पॅड धुवून उन्हात खडखडीत वाळवावे लागतात. सहा जणींच्या खोलीत ते वाळत घालायची जागा आणि हिंमत दोन्ही सगळ्यांकडे नसते. म्हणून कप आणि कापडी पॅड आरोग्य केंद्रात मागेल तिला मिळतात, वापराची माहितीही तिथल्या नर्स ताई देतात, पण त्यामुळे साधे पॅड कमी केलेले नाहीत. पैसे नाहीत म्हणून निवडही नाही, असं होता कामा नये.

डबे लागल्यावर मुलींच्या बोलण्यात फरक पडला. पूर्वी पॅडसाठी कानात कुजबुजणाऱ्या मुली आता बिनदिक्कत सांगतात की तिसऱ्या मजल्यावरचा डबा रिकामा आहे. दारावर कोड लावलेला आहे, तो मोबाइलने स्कॅन केला की देखभाल विभागाला निरोप जातो. सर्वांत जास्त निरोप परीक्षेच्या दिवसांत येतात. त्यामुळे परीक्षेआधीच्या आठवड्यात जादा माल भरायचा हे आता ठरूनच गेलं आहे.

पॅडने सगळं सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. वेदना असतात, आणि त्यांच्यामुळे बुडणारे तास पॅड मिळाल्याने भरून येत नाहीत. केरळमधल्या कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी 2023 मध्ये विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रात हजेरीत 2 टक्के जादा सवलत दिली आणि लगेच केरळ सरकारने ती आपल्या इतर विद्यापीठांतही आणली. तशी मागणी आम्हीही केली आहे. ती विद्वत सभेपुढे, म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळापुढे, आहे.

सध्याचं काम परीक्षा विभागाशी आहे. मुख्य आवारात सोय झाली, पण परीक्षा बाहेरच्या केंद्रांवरही होतात. तिथे तीन तास बसायचं, पहिला अर्धा तास उठायचं नाही, नंतर उठलं तर सोबत पर्यवेक्षक, आणि पिशवी हॉलच्या बाहेर ठेवलेली. म्हणजे स्वतःचा पॅड असूनही तो हाताशी नाही. केंद्रांना पाठवायच्या साहित्याच्या यादीत उत्तरपत्रिका, पुरवण्या, दोरे यांच्यासोबत पॅडचं एक खोकं असावं आणि ते स्वच्छतागृहात ठेवायची जबाबदारी केंद्रप्रमुखांच्या सूचनांमध्ये लिहावी, असं पत्र तयार आहे. प्रत्येक केंद्रावर किती मुली बसतात याचे आकडे परीक्षा विभागाने दिले आहेत, त्यावरून किती माल लागेल हे माझ्या ज्युनिअर मुली काढत आहेत. यंदाच्या याद्या छापायला जाण्याआधी ते पत्र पोचायला हवं.